'स्थानिक' नावाचा फोल्डर

आत्याने अकरा वर्षांत जमवलेले नियम मंगळवारी सकाळी चार मिनिटांत गेले.

ती ब्रेल छापखान्यात मुद्रितं तपासते. दृष्टी नाही, बोटांनी वाचते. रसायनशास्त्रातली कोणती खूण कोणत्या ठिपक्यांत उतरवायची, हे तिने एका फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. फाइल 'स्थानिक' नावाच्या फोल्डरमध्ये होती. तो फोल्डर कॉम्प्युटरच्या मालकाचा, ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला हात लावायचा नाही, असा जुना संकेत. सिस्टिमच्या नव्या आवृत्तीने मात्र सोबत आलेलं ब्रेलचं सॉफ्टवेअर नेमकं तिथेच टाकलं. त्यातल्या एका फाइलचं नाव तेच होतं. आत्याची फाइल पुसली गेली, तिच्या जागी ही बसली.

सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीत आत्याची भाची काम करते. छापखान्याच्या व्यवस्थापकाने तिलाच बोलावलं. परीक्षेची पुस्तकं नऊ दिवसांत द्यायची होती आणि नियमांच्या फाइलची जपून ठेवलेली प्रत सहा वर्षांपूर्वीची निघाली.

फोल्डर उघडताच भाचीला उलगडा झाला. सॉफ्टवेअर दुसऱ्यांनी लिहिलेलं, आपल्यात त्याची सरमिसळ नको, ते 'स्थानिक'मध्ये टाकू, असं बैठकीत तिनेच सुचवलं होतं. तिथे आधीच कोणाचं काही असलं तर, असं एका सहकाऱ्याने विचारलं, तेव्हा तिथे कोण काय ठेवतंय म्हणून तिने विषय उडवून लावला होता.

व्यवस्थापक आत्याची समजूत घालत होता. यंत्रच ते, कधीतरी दगा देणारच, वगैरे. भाचीला गप्प बसता आलं असतं.

"यंत्राने नाही, आत्या. ते तिथे टाकायचं मी ठरवलं."

आत्याची बोटं पानावर थांबली. "पाहुणे तुम्ही आणलेत, आणि अंथरूण माझं काढलंत होय, इंजिनीअरबाई?"

"हो."

"माझं आहे हे माहीत नव्हतं?"

"तुझं म्हणून नव्हतं. कोणाचं तरी असेल, एवढं माहीत होतं."

 आत्याने गेल्या वर्षीची छापील पुस्तकं मागवली. त्यांवरून निम्मे नियम तरी पुन्हा काढता येतील, असा तिचा अंदाज होता. बाकीचे नियम गेले ते गेलेच.

पुस्तकं येण्याआधी भाचीने आपल्या कंपनीला पत्र लिहिलं. सॉफ्टवेअर कोणीही लिहिलेलं असो, सोबत आपण देतो, तेव्हा ते आपल्याच फोल्डरमध्ये राहावं. हे सुधारेपर्यंत नवी आवृत्ती थांबवावी. माझ्याकडून अनवधानाने चुकीचा निर्णय झाला. तिने ते आत्याला वाचून दाखवलं.

"'अनवधानाने' काढ," आत्या म्हणाली.

भाचीने तो शब्द काढला आणि पत्र पाठवलं.