जमादारचं पाणी

"मावशी, हाका मारू नका त्याला. तुमी हाक मारली की ते आणखीनच भिंतीत घुसून राहिलंय," नरसिंग म्हणाला.

नरसिंग हा वसमतच्या पांजरपोळातला गडी. हळदीच्या व्यापाऱ्यांनी मिळून तो पांजरपोळ चालवला होता. पुढं भाकड गायी, आणि मागं पत्र्याखाली कुत्र्यांचे लोखंडी पिंजरे. शेवटच्या पिंजऱ्यात आमचा जमादार कोपऱ्यात तोंड खुपसून उभा होता.

"माझ्या हातची भाकर खाऊन वाढलेलं कुत्रं हाय ते. तू मला शिकवू नको," मी म्हणाले आणि गजाला तोंड लावून पुन्हा हाक मारली. "जमादार. ये इकडं. खा."

तो आला नाही. त्याचं अंग थरथरत होतं आणि जबड्यातून लाळेची तार लोंबत होती. मी भाकर आत फेकली. ती त्याच्या पायावर पडली तसा तो उडाला, गर्रकन फिरला आणि त्यानं मला दात दाखवले. मला. दुधाच्या वयात त्याची आई लांडग्यानं नेली, तेव्हा मेंढीच्या आचळाला लावून मी त्याला जगवला होता.

"पाणी बी पीत न्हाई," नरसिंग हळूच म्हणाला. "आणला तसा एक घोट न्हाई."

पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यानं सांगायची गरज नव्हती.

झालं होतं ते असं. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, त्याच्या पुढच्या वर्षीचा उन्हाळा. आमची मेंढरं हट्ट्याच्या शिवारात उत्तमरावांच्या रानात खतासाठी बसवली होती. दिवस मावळताना मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळी, लागली की आतल्या कोकराला परक्यानं हात लावायचा नाही, हा जमादारचा कायदा. उत्तमराव पडले रानाचे मालक. मालक कुणाला विचारतो? जाळीवरून वाकले आणि पाहायला म्हणून कोकरू उचललं. जमादारनं मनगट धरलं. लोक चावला म्हणतात, मी धरलं म्हणते. पण रक्त आलं, आणि धनगराचं कुत्रं पिसाळलं अशी गावात बोंब झाली.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मारू नका. दहा दिवस कोंडून ठेवा. धडधाकट राहिलं तर उत्तमरावांच्या पोटातल्या सुया थांबतील, कुत्रंही सुटेल." आणि नाही राहिलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. गावात बांधलं असतं तर कुणीतरी डोक्यात दगड घातला असता, म्हणून त्याला इथं आणला.

"परवा डॉक्टर येणार हायेत," नरसिंग म्हणाला. "उत्तमरावांच्या घरून निरोप हाय. तवरोक पाणी पिलं न्हाई तर औषध देऊन निजवा म्हणतात."

"त्यांच्या घरच्यांना म्हणावं, आधी आपल्या मालकाला निजवा. कोकरं उचलायची सवय तरी जाईल."

नरसिंग हसला. माझ्या मागं डबा धरून माझी सून साधना उभी होती, ती हसली नाही. ती सहसा हसत नसेच. कनेरगाव नाक्याची पोर. बाप आमच्याच जातीचा, पण मेंढरं विकून ढाब्यावर भाकऱ्या थापायला राहिलेला. पोरीला मेंढी धरता येत नव्हती, लोकर कातरता येत नव्हती. जमादार तिच्यावर वर्षभर गुरगुरला. मी म्हणायची, कुत्र्याला माणूस कळतं.

मी खांद्यावरची घोंगडी काढली आणि गजातून आत ढकलली. घरचा वास आला की शांत होईल, हा माझा हिशेब. जमादारनं घोंगडी हुंगली आणि जे रडायला लागला, ते शेजारच्या पिंजऱ्यातलं तांबडं कुत्रंही भुंकत गजावर उड्या घेऊ लागलं. त्यात भिंतीपलीकडं हळद घोळायचा कारखाना. लोखंडी ड्रममध्ये हळकुंडं घालून फिरवत होते. वरचा पत्रा नुसता दणाणत होता. जमादार गोल गोल फिरायला लागला, एकाच जागी, घाण्याच्या बैलासारखा.

"खा रे. खा म्हणते ना. काय कमी केलं तुला?" मी म्हणाले.

"आत्याबाई," साधना म्हणाली, "जरा तिकडं तोंड करा."

"काहून? माझं तोंड वाकडं हाय?"

"तुमी पाहून राहिल्या म्हणून तो खात न्हाई."

"मग काय पाठीनं वाढू?"

"वाढू बी नका. ठेवून द्या अन् सरका. नव्या जागी कुणी तोंडाकडं पाहत बसलं की घास उतरत न्हाई."

नरसिंग माझ्याकडं बघायला लागला. सून चारचौघांत असं बोलली की सासूनं काय करावं, हे त्यालाही ठाऊक असणार. मी काही केलं नाही. माझ्या घरात येणाऱ्याला ताटावरून उपाशी उठू द्यायचं नाही, ही माझी रीत. साधना लग्न होऊन आली तेव्हा भाकरीला हात लावत नव्हती. मी रोज समोर मांडी घालून बसायची आणि शेवटच्या घासापर्यंत, खा, खा, म्हणत ताट संपवून घ्यायची. सुनेला उपाशी ठेवलं असं कुणी म्हणायला नको. पंचक्रोशीत माझ्या आग्रहाचं नाव होतं.

"बारदानं हायेत का, दादा?" साधनानं नरसिंगला विचारलं.

हळदीच्या गावात बारदानाला काय तोटा? त्यानं चार पोती आणली. तिनं ती तारेनं पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी बांधली. तांबडं कुत्रं दिसेनासं झालं, तसं तेही भुंकायचं थांबलं. आतल्या बाजूला अंधार पडला. जमादार फिरायचा थांबला आणि पोत्याच्या कोपऱ्यात शिरून बसला. लाळ गळतच होती. पाणी होतं तिथंच होतं.

साधनानं उघड्या बाजूला जमिनीवर बसकण मारली, पिंजऱ्याकडं पाठ करून. घरून आणलेली तुरीची डाळ सुपात ओतली आणि खडे निवडायला लागली. दिवस कलेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मी गायींकडं जाऊन बसले. गायी तरी हाक मारली की वळून पाहतात.

परत येताना एसटीत मी तिला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं? ढाब्यावर लई कुत्री होती काय?"

"व्हती. पण त्याहीनं न्हाई शिकवलं."

"मग?"

"पहिल्या वर्षी मी रांजणामागं बसून जेवायची," ती म्हणाली. "तुमी देवळात गेल्या की."

"रांजणामागं उंदीर हायेत," मी म्हणाले.

"ठाव हाय," ती म्हणाली.



दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला न विचारता पदर खोचून फाट्यावर उभी. माझा लेक प्रभू मेंढरांमागं गेलेला. तिला एकटीला सोडणं बरं दिसलं नसतं म्हणून मीही गेले. माणसांनी खरं तेच बोलावं म्हणतात. मला एकटीला घरी बसवलं नसतं, हेही खरं.

नरसिंगनं दारातच सांगितलं, "भाकर जशीच्या तशी. पाणी तसंच."

"तुमी रात्री डोकावून पाहिलं का?" साधनानं विचारलं.

"पाहिलं ना, चारदा. बॅटरी लावून. काळजी वाटते माणसाला."

"आज नका पाहू."

तिनं लोखंडी टोपल्यातलं शिळं पाणी ओतलं, नवं भरलं आणि आत सरकवलं, तेही आतल्या बाजूला न बघता. मग पाठ करून बसली. ड्रम चालू होता तोवर आतून नुसता धापा टाकल्याचा आवाज येत होता. उन्हं वर आली. आणि त्या वेळी कोण यावं, तर स्वतः उत्तमराव.

पांढरं धोतर, हाताला बांधलेली पट्टी, दुसरा हात पोटावर. सुयांनी पोट सुजलं होतं. पाच एकर हळदीचा मालक, पण चेहरा मात्र कोंडवाड्यातल्या वासरासारखा झाला होता. मी उठले नाही.

"या उत्तमराव. कोकरू न्यायला आलाव का?"

"रुख्मिणीबाई, थट्टा नको." ते खालच्या आवाजात म्हणाले. "पाणी पिलं का?"

"तुमच्या घरचा निरोप आला ना, निजवा म्हणून?"

"निरोप भावानं धाडला. मी न्हाई. त्याला काय होतं? सुया मला हायेत." त्यांनी ओठावरून जीभ फिरवली. "परवापासून मी सोता पाणी पिताना घाबरून राहिलो. तांब्या तोंडाला लावला की वाटतं, आता नरड्याखाली उतरंल का न्हाई. रात्रभर तांब्या उशाशी घेऊन बसतो. बायको म्हणते, झोपा. झोप कशी येईल? हे कुत्रं मेलं तर माझं बी खरं न्हाई."

असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ते पिंजऱ्याकडं वळले आणि गजातून वाकून बघायला लागले.

"मामा," साधना म्हणाली, "पाहू नका."

"आँ?"

"त्याच्याकडं पाहू नका. बसा इथं. तिकडं तोंड करून."

हट्ट्याच्या उत्तमरावांना धनगराच्या सुनेनं बस म्हटलं. ते माझ्याकडं बघायला लागले.

"बसा," मी म्हणाले. "तिचंच राज्य हाय सध्या."

त्यांनी धोतर सावरलं आणि बसले. एका बाजूला मी, मध्ये सूप घेऊन साधना, पलीकडं उत्तमराव. तिघंही पांजरपोळाच्या चुन्याच्या भिंतीकडं तोंड करून. नरसिंगला तिनं बोटानं खुणावलं तसा तोही गायींकडं वळून उभा राहिला. भिंतीवर एक पाल होती. मी पालीकडं बघत होते. उत्तमराव बहुधा देवाचं नाव घेत होते, कारण त्यांचे ओठ हलत होते.

दुपार झाली. कारखान्यातले मजूर भाकरी खायला सुटले आणि ड्रम थांबला. कानांत अजून तो आवाज घुमतच होता, त्यामुळं आधी मला काही कळलं नाही. मग कळलं की आत नखं वाजून राहिली. दोन पावलं. थांबली. पुन्हा एक.

उत्तमरावांची मान वळायला लागली. साधनानं सुपातला हात काढला आणि त्यांच्या बाहीला धरलं, लहान पोराला धरावं तसं. ते थांबले.

मग लपलप लपलप आवाज आला. थांबला. पुन्हा आला, आणि यावेळी थांबलाच नाही. टोपलं फरशीवर सरकत होतं इतक्या जोरात तो पीत होता.

कुणी वळून पाहिलं नाही. उत्तमरावांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसतही नव्हते. जरा वेळानं ते म्हणाले, "नरसिंग, मला बी एक गिलास पाणी दे बाबा." नरसिंगनं दिलं. त्यांनी ते एका दमात संपवलं आणि आणखी मागितलं.

डॉक्टर आले तेव्हा टोपलं रिकामं होतं आणि भाकरही गेली होती. त्यांनी दुरूनच बघितलं आणि म्हणाले, "हे भेदरलंय, बाकी काही दिसत नाही. मुदत पुरी होऊ द्या." साधना रोज जात राहिली. मी एक दिवसाआड.

मुदत भरली त्या दिवशी आम्ही दोघी पहाटेच्या गाडीनं गेलो. एसटीत कुत्रं घेत नाहीत, म्हणून परत चालतच यायचं होतं. नरसिंगनं पोती सोडली, कडी काढली आणि दार उघडं टाकलं. मी साखळी घेऊन दारात उभी राहिले.

"चल रे जमादार. घरी चल."

तो उठला नाही. माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारणार होते, पण साधना फाटकाकडं चालायला लागली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. ती गायींच्या गव्हाणीपाशी पोचली, तेव्हा जमादार उठला. बाहेर आला. माझ्या लुगड्याला घासून गेला, पण थांबला नाही.

साखळी माझ्या हातातच राहिली. ती मी खांद्यावर टाकली.

हट्ट्याच्या रस्त्याला ऊन तापायच्या आत आम्ही बरंच अंतर तोडलं. पुढं साधना, तिच्या टाचेला नाक लावून जमादार आणि मागं मी. आमच्या घरात बायकांच्या पुढं नेहमी मी चालते. वाटेत एका बैलगाडीवाल्यानं बैल आवरले.

"मावशी, कुत्रं लई गुणाचं दिसतंय. कुणाचं हाय?"

"म्होरं चालली हाय, तिचं," मी म्हणाले, आणि साखळी दुसऱ्या खांद्यावर घेतली.