टेबलाखालचा वर्ग

मी डस्टर बोलतोय. लाकडी पाठीचा, पोटाला फेल्ट चिकटवलेला, फळा पुसायचा डस्टर. आणि आधीच बजावतो, आज मी कुणाचं ऐकून घेणार नाही. आम्ही धूळ उडवतो, आम्ही मुलांच्या डोक्यात बसतो, हे आरोप ऐकून कान किटले. साफ खोटं! माझ्या बाईंनी मला एकदाही कुणावर भिरकावलं नाही. त्या मला टेबलावर आपटायच्या, तेही तीनदाच. ठाक, ठाक, ठाक! की अख्खा वर्ग हाताची घडी, तोंडावर बोट.

माझा जन्म सुताराच्या दुकानातला. दाराच्या फळीतून उरलेला तुकडा मी. दारावर थाप पडली तर घर जागं व्हावं, हे माझ्या रक्तातच. बाईंच्या वर्गात मी बरीच वर्षं काढली. त्यांची लेकही त्याच वर्गात पहिल्या बाकावर. शाळेत ती आईला ‘बाई’च म्हणायची; घरी येऊन चप्पल काढली की मग ‘आई’.

पुढे बाईंना परदेशातल्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. लेक तूर्त आजीकडे राहणार होती. तिनंच मला स्वेटरच्या घडीत कोंबलं. “मुलं ऐकेनाशी झाली तर लागेल,” म्हणाली. विमानतळावर तपासनिसानं मला उलटंपालटं करून विचारलं, “हे काय?”

“हे आपटायचं असतं,” बाई म्हणाल्या, आणि त्याचा चेहरा आणखीच बघण्यासारखा झाला.

नवी शाळा बघून माझं टाळकंच सरकलं. फळा पांढरा! त्यावर पेनानं लिहायचं आणि फडक्यानं पुसायचं. शेजारच्या वर्गाचे संगीताचे सर मला हातात घेऊन हसले. “यात आवाज कुठून येतो?” म्हणे. अहो, तुमच्या सगळ्या वाद्यांना पुरून उरेन!

बाई वर्गात आल्या तरी मुलं उठून उभी राहायची नाहीत. खुर्च्यांना चाकं, त्यामुळे गणित सोडवता सोडवता पोरं खिडकीपर्यंत फिरून यायची. बाई ‘शांत बसा’ म्हणायच्या, आणि ती अगदी प्रेमानं विचारायची, “का?”

संध्याकाळी फोनवर लेक पहिला प्रश्न तोच विचारायची.

“आई, मुलं ऐकतात का गं?”

“ऐकतात की. खूप गोड आहेत.”

“म्हणजे ऐकत नाहीत. डस्टर आपटलास?”

“इथं नाही गं तसं चालत.”

“आपटल्याशिवाय कसं कळलं तुला?”

मागून आजी म्हणायची, “पोरीचं दप्तर इकडचं घेऊ की तिकडचं, तेवढं एकदा सांगून टाक बाई.”

सगळी मेख तिथंच होती. बाईंची नोकरी कच्ची होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एक दिवस वर्गात बसून त्यांचं शिकवणं बघणार होत्या. पसंत पडलं तर नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली तरच लेकीला आणता येणार. नाहीतर बाईंनी बॅग भरायची.

तो दिवस उजाडला. मोठ्या बाई मागच्या रांगेत ऐसपैस बसल्या. बाईंनी अपूर्णांक काढले आणि पोरांनी कल्ला सुरू केला. दोन खुर्च्यांची धडक झाली. कुणीतरी कोंबडा आरवून दाखवला. बाईंच्या कपाळावर घाम. त्यांचा हात पर्समध्ये गेला आणि मला धरून बाहेर आला. किती दिवसांनी!

ठाक! ठाक! ठाक!

वर्ग रिकामा. एकही डोकं दिसेना. मोठ्या बाईसुद्धा गायब! बाई हातात मला घेऊन एकट्याच उभ्या.

“अहो, गेलात कुठं सगळे?”

मोठ्या बाईंचा आवाज जमिनीलगतून आला. “वाका! आधी खाली वाका!”

भानगड अशी, की त्या गावात जमीन अधूनमधून हलते. टेबलावर तीन ठोके पडले की सगळ्यांनी टेबलाखाली शिरायचं, ही त्या शाळेची तालीम. बाईंना कॉफीचं यंत्र कसं दाबायचं ते सांगितलं, छत्री कुठं ठेवायची ते सांगितलं, पण हे सांगायचं कुणालाही सुचलं नाही! आणि चुकलो म्हणे आम्ही!

बाई टेबलाखाली शिरल्या. सगळी टेबलं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे खाली लांबलचक बोगदा. बोगद्याच्या त्या टोकाला मोठ्या बाई रांगत्या अवस्थेत.

“जमीन हलली का?”

“नाही.”

“मग ठोके?”

“आमच्याकडे ते... गप्प बसा म्हणून देतात.”

मग मोठ्या बाईंच्या घशातून शिट्टीसारखा आवाज निघाला. त्या हसत होत्या. “आता माझी घंटा झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही, हा नियम मीच केलाय. आणि घंटा आहे माझ्या खोलीत!”

बाईंनी मुलांकडे पाहिलं. सगळी गप्प, सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. असा वर्ग हातचा घालवतील त्या आमच्या बाई कसल्या! पर्सच्या तळाशी राहिलेला जुन्या शाळेचा खडू काढला आणि टेबलाच्या पोटाला लिहायला लागल्या.

“या टेबलाखाली चार जण. एकाच्या वाट्याला किती टेबल?”

“पाव!”

“आणि मोठ्या बाई इकडे आल्या तर?”

“आम्हाला काहीच उरत नाही!”

बोगदा हसून गदगदला. सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या मोठ्या बाई. मग बाईंनी मला घेतलं आणि लिहिलेलं पुसलं. पुसलं हो! खडूची ती भुकटी अंगावर पडली आणि मी न्हालो. हलकल्लोळ ऐकून शिपाईकाका डोकावले आणि घंटा आणायला पळाले, पण आता पोरंच बाहेर यायला तयार नव्हती.

नोकरी पक्की झाली. मला मात्र मोठ्या बाईंनी ताब्यात घेतलं. त्यांच्या खोलीत घंटेशेजारच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. शाळेची तालीम आता माझ्याच ठोक्यांवर होते. संगीताचे सर कानांत बोटं घालतात. बसली ना खात्री?

महिन्याभरात लेक आली. त्याच शाळेत, बाईंच्याच वर्गात. आज तिचा पहिलाच दिवस, आणि आजच तालीम होती. मोठ्या बाईंनी मला खुंटीवरून काढलं आणि नेमक्या त्याच वर्गात नेलं.

ठाक! ठाक! ठाक!

सगळा वर्ग टेबलाखाली. बाई टेबलाखाली. मोठ्या बाई मला घेऊन टेबलाखाली. वर एकटीच लेक, खुर्चीत ताठ. हाताची घडी, तोंडावर बोट.

“अगं, खाली ये!” बाईंनी तिचा फ्रॉक ओढला.

बोट न काढता ती पुटपुटली, “बाई, मी बोलले का? नाही ना? मग?”

मोठ्या बाईंच्या हातातून मी गळून पडलो, एवढ्या त्या हसल्या. इथं फरशीवर उताणा पडून तुम्हाला हे सांगतोय. एवढीच विनंती आहे. तिला इथला नियम जरूर शिकवा. जमीन हलते ती काही थट्टा नव्हे. पण क्षणभर थांबा. माझं ऐकणारं इथं कुणीतरी आलंय. जरा डोळे भरून बघू द्या.