सुगराबायच्या हाताचा गुण

सुगराचं बोट बाळाच्या तोंडात थांबलं.

एरवी ते थांबत नसे. तेल लावून झालं, आंघोळ झाली, धुरी झाली, की पिशवीतून मऊ मलमलचं फडकं काढायचं, बोटाला गुंडाळायचं आणि बाळाच्या जिभेवरून आतून बाहेर एकदाच फिरवायचं. दुधाचा थर फडक्यावर उतरायचा. आज उतरला नाही. जिभेवर, गालांच्या आतून, वरच्या हिरडीवर दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसं पांढरं दिसत होतं. सुगराने जरा जोर दिला. एक कवडी निघाली, खालून लालभडक कातडी दिसली आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढं रक्त आलं. बाळ कळवळून रडलं.

"घासा, घासा," चंद्रावती बाथरूमच्या दारातून म्हणाली. "दूध साचलंय. आमच्या दीपेशला पन असंच साचायचा."

चंद्रावती म्हणजे बाळाची आजी, त्याच्या बापाची, दीपेशची आई. उरणकडच्या गावातली जमीन गेली, नवीन पनवेलला फ्लॅट आला, पण बाईचा आवाज शेताच्या बांधावरचाच राहिला होता. तिच्यासमोर कुणी शहाणपणा करत नसे. सुगराही शक्यतो करत नसे.

पण सुगराचंही नाव काही लहान नव्हतं. बत्तीस वर्षं ती पनवेलातल्या बाळांना न्हाऊ घालत होती. मोहल्ल्यात ती सुगराखाला, सेक्टरांमध्ये सुगरामावशी, गावाकडच्यांत सुगराबाय. तिच्या पायांवर पालथी पडलेली पोरं आता दाढ्या ठेवून फिरत होती. त्यातला एक तर बँकेत कॅशियर होता आणि तिला रांगेत पाहिलं की मान खाली घालायचा, कारण चारचौघांत ही बाई त्याच्या लहानपणाचं काय सांगेल याचा नेम नव्हता. तिने कधी बोर्ड लावला नाही. एका बाळंतिणीने दुसरीला सांगायचं, "बाईच्या हाताला गुण आहे गं," एवढ्यावर तिचं घर चाललं, मुलींची लग्नं झाली, नवऱ्याचं आजारपण निभावलं. आणि त्या गुणातला मोठा वाटा या फडक्याचा होता. जीभ साफ तर बोल साफ, असं ती सांगायची. घरोघरचे पंचे खरखरीत असतात म्हणून स्वतःच्या जुन्या ओढणीचं फडकं बरोबर ठेवायची.

तिने बाळाला कोरडं केलं आणि त्याच्या आईच्या, पूर्वीच्या मांडीवर दिलं. पूर्वी पंचवीस-सव्वीसची, पहिलटकरीण. बाळ बावीस दिवसांचं. त्याने छातीला तोंड लावलं, दोन घोट ओढले, तोंड सोडलं आणि रडत मान फिरवली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. पूर्वीने ओठ दाताखाली धरला होता.

"आई, जरा पाणी उकळायला ठेवता?" सुगरा चंद्रावतीला म्हणाली. पाण्याची काही गरज नव्हती. चंद्रावती आत गेली तशी तिने हळूच विचारलं, "दुखतंय ना तुला?"

पूर्वीचे डोळे लगेच भरले. "सुया टोचतात, मावशी. पाजून झालं तरी आतून जळत राहतं. चार दिवस झाले. आईंना नाही सांगितलं. त्या म्हणतील, आमी पाच पोरं पाजली, आमाला नाय दुखलं."

"लंगोट किती ओले झाले कालपासून?"

"तीन."

सुगराने मनात मोजलं. एवढ्या बाळाने दिवसाला सहा-सात तरी भिजवायला हवेत.

चंद्रावती आली ती वाटी घेऊन. वाटीत मध आणि त्यात कालवलेला टाकणखार, तोंड आलं की जुनी माणसं लावतात तो. काष्ठौषधीच्या दुकानातून सकाळीच आणवला होता. टेबलावर पावडरच्या दुधाचा नवा डबाही होता. "ह्ये लावा त्याच्या जिभंला. आनी आजपासून डब्याचं दूध. हिचं दूधच पोराला बादतंय. पोर तोंड लावत नाय, मंग काय समजायचा?"

"हे नको, आई." सुगराने तिच्या हातातून वाटी काढून घेतली.

"नको कशाला? तुमीच तं लावायच्यात मध."

"लावायचे. मग एका डॉक्टरांनी मला झापझाप झापलं, तेव्हापासून सोडलं. दूध बंद करू नका. आधी डॉक्टरकडे चला. मी येते बरोबर."

चंद्रावतीने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर वाटी परत दिली असती. पण तेवढ्यात बाळ पुन्हा रडलं. या वेळी आवाज बारीक होता. चंद्रावतीने पायात चपला घातल्या.

रिक्षात सुगरा कडेला बसली होती. बाळ पूर्वीच्या कुशीत निपचित पडलं होतं आणि सुगरा त्याच्याकडे पाहत होती. मग एकदम तिला माज आठवला. माज म्हणजे मोहल्ल्यातल्या जास्मीनचा मुलगा, महिन्याचा. रोज सकाळी ती आधी त्याला न्हाऊ घालायची आणि तिथून इकडे यायची. तीन दिवसांपूर्वी माजच्या हिरडीवरही पांढरं दिसलं होतं. जास्मीनने विचारलंही होतं. सुगरा म्हणाली होती, दूध आहे, जाईल. तिने ते रगडलं होतं, फडकं गरम पाण्यातून काढून पिळलं होतं, पिशवीत टाकलं होतं आणि इथे येऊन या बाळाच्या तोंडात घातलं होतं. एक दिवस नाही, तिन्ही दिवस.

 पिशवी मांडीवर होती, ती तिने खाली पायाशी ठेवली.

डॉक्टर रुचिरा वयाने तरुण होत्या, पण बाळाला हातात धरण्याची पद्धत जाणत्या बाईची होती. टॉर्च लावून त्यांनी तोंड पाहिलं. "दुधाचा थर असता तर पुसला गेला असता. ही बुरशी आहे. घाबरू नका, बरी होते. पण तोंड हुळहुळतं म्हणून तो नीट पीत नाही." मग पूर्वीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला पाजताना काही त्रास?"

पूर्वीने सासूकडे पाहिलं आणि मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ हो की नाही, कुणालाच कळला नसता.

"तिला चार दिवस दुखतंय," सुगरा म्हणाली. "आतून जळतं म्हणते."

"मना का नाय सांगितलंस?" चंद्रावती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"मग दोघांना एकदमच औषध घ्यायचं," डॉक्टर म्हणाल्या. "एकालाच दिलं तर तिच्याकडून याला, याच्याकडून तिला, असं चालूच राहील. पाजून झालं की बाळाच्या तोंडात हे लावायचं, तुमच्या छातीला हे मलम. पांढरं गेलं म्हणून मध्येच थांबवायचं नाही, मी सांगेन तितके दिवस. पाजणं चालूच ठेवा, आईचं दूध बाधलेलं नाही. मध नको, टाकणखार तर अजिबात नको, तो विषारी असतो. आणि लंगोट किती ओले होतात ते मला उद्या फोन करून सांगायचं. बाळाच्या तोंडात बोट कोण घालतं?"

"ही सुगराबाय घालते," चंद्रावती म्हणाली. तिच्या बोलण्यात अभिमान होता. "लय सोच्छ बाय हाय. आमचा पंचा कडक म्हनून सोताचा फडका आनते."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या आणि औषध लिहायला लागल्या. बाहेर दुसरं बाळ रडत होतं, कंपाउंडर पुढचा नंबर पुकारत होता. गोष्ट इथंच मिटली असती. कुणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. माजला उद्या गुपचूप डॉक्टरकडे पाठवता आलं असतं, फडकं चुलीत घालता आलं असतं. सुगराने हे सगळं तेवढ्या वेळात मनाशी जुळवूनही पाहिलं. खोटं कशाला सांगा, तिला भीती वाटत होती. नाव गेलं की तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "ते फडकं मी सगळ्या घरांत वापरते. इथे यायच्या आधी मोहल्ल्यात एक बाळ आहे, त्याच्या तोंडात पण असंच पांढरं आहे. तीन दिवस झाले. मला दूध वाटलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्यातूनच आलं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. बुरशी आईच्या अंगावरही असते. बाळंतपणात अँटिबायोटिक घेतलं की वाढते. पण एकाच्या तोंडातलं फडकं दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये. त्या बाळाला आजच घेऊन यायला सांगा. आणि मावशी, यापुढे बाळांच्या तोंडात बोट घालूच नका. अंगावर पिणाऱ्या बाळाची जीभ रोज रगडायची गरज नसते."

गरज नसते. बत्तीस वर्षं ज्या कामासाठी तिचं नाव झालं, ते करायचंच नव्हतं. सुगराला खाली बसावंसं वाटलं, पण तिथे एकच खुर्ची होती आणि तिच्यावर पूर्वी बसली होती. चंद्रावती सुगराकडे न बघता बाळाचं टोपडं सारखं करत राहिली.

तिथून सुगरा थेट मोहल्ल्यात गेली. जास्मीनचा नवरा नियाज आखातात, घरात ती आणि तिची आई. माजचं तोंड कालपासून जास्तच पांढरं झालं होतं. सुगराने उंबऱ्यातच सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

"खाला, मी विचारलं होतं तुम्हाला," जास्मीन म्हणाली. "तुम्ही म्हणालात, दूध आहे."

"हो, म्हणाले."

"आणि वरून रगडलंत पण."

"हो, बेटा."

 जास्मीनने ओढणी घेतली, माजला छातीशी धरलं आणि जिना उतरताना म्हणाली, "उद्याचं मी फोन करून कळवते, खाला." तो फोन काही आला नाही. तिच्या न्हाऊ घालायच्या तिसऱ्या घरी समीक्षाचं आठ दिवसांचं बाळ होतं. त्याचं तोंड गुलाबी, स्वच्छ होतं. सुगराने तिथेही सांगितलं. ते लोक म्हणाले, बघू.

चंद्रावतीने मात्र येऊ नका असं म्हटलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सुगरा तिच्याकडे नेहमीच्या वेळेला गेली. बाथरूममध्ये नवा साबण होता. चंद्रावती दारात उभी राहिली आणि सुगराचे हात कोपरापर्यंत धुऊन होईतो हलली नाही. रोज असंच. सुगरा रोज धुवायची. बाळ तोंड उघडून रडलं की ती लांबूनच आत बघायची. तिसऱ्या दिवशी कवड्या विरळ झाल्या, सहाव्या दिवशी जीभ दिसायला लागली. लंगोट सातच्या वर गेले. पाजताना पूर्वी ओठ चावेनाशी झाली.

आठव्या दिवशी सुगरा आली, तेव्हा बाळाची आंघोळ होऊन गेली होती. जावळ ओलं होतं. पूर्वी त्याला पाजत होती आणि ते घटाघट पीत होतं. चंद्रावती आतून ताट घेऊन आली. ताटात साडी होती, वर नारळ. सव्वा महिना पुरा झाला की न्हाऊ घालणाऱ्या बाईची अशी पाठवणी करतात. सव्वा महिना व्हायला अजून आठ दिवस होते.

"तुमी बोललात म्हनून आमाला समजला," चंद्रावती म्हणाली. "नायतर मी तं डबाच पाजनार व्हते पोराला." तिने साडीवरचा नारळ सरळ केला. "पन मन घेत नाय, बाय. तुमचा हात त्याच्या अंगाव बगला, की मना त्योच दिवस आठवतो."

"बरोबर आहे तुमचं," सुगरा म्हणाली. तिला खरंच ते बरोबर वाटत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

पूर्वी काहीतरी बोलायला गेली. सासूकडे पाहून थांबली, आणि मग बोललीच. "मावशी, आता मुळीच दुखत नाही."

"तरी औषध सोडू नको. मॅडमनी सांगितलंय तितके दिवस. त्याला आणि तुला, दोघांना."

बाळाने छाती सोडली. जांभई देताना त्याची जीभ दिसली, गुलाबी. पूर्वीच्या दंडावर मान टाकून ते झोपून गेलं.

सुगराने साडी दोन्ही हातांनी घेतली, नारळासकट पिशवीत ठेवली आणि बाहेर आली. त्या फ्लॅटचं जाळीचं दार खाडकन लागायचं. तिने ते धरून ठेवलं आणि आवाज होऊ न देता सावकाश ओढून घेतलं.