पायाचा ब्रेक

सायकलला ब्रेक लागतो असं दर्याकाठच्या चिखले गावात कोणी म्हटलं, तर लोक त्यालाच हसतील. खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत तारा गंजतात, मग त्या काढून टाकायच्या आणि थांबायचं झालं की चपलेचा तळवा पुढच्या चाकावर दाबायचा. गाव सपाट, डहाणूपर्यंतचा रस्ता सपाट, पायाचा ब्रेक पुरतो. मितेशच्या बापाची, काळूची, सायकल अशीच होती. बाप गेला, सायकल राहिली, आणि त्या रविवारी अंधार सरायच्या आत मितेश तिच्यावर टांग टाकून जव्हारला निघाला. ब्रेकचा विचार त्याच्या मनातही आला नाही.

एसटी होती. आईने, जमुनाने, ते दोनदा सांगून पाहिलं. पण नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडताना मितेशने मोटरसायकलची चावीही सोडली होती, आणि सगळ्या गावादेखत बोलून बसला होता की बायको, भारती, घरी परत येईपर्यंत इंजिनाच्या कशावरही बसणार नाही. आपल्या बोटीलाही इंजिन आहे, हे बोलण्याच्या भरात विसरला. दर्याला दिलेला शब्द काही मागे घेता येत नाही. तेव्हापासून भाऊबंद मासेमारीला जात होते आणि हा धडधाकट गडी बायकांबरोबर बोंबील वाळत घालत होता. लोक तोंडावर बोलत नसत, पाठीमागे हसत. जमुनाला मात्र हसू येत नव्हतं.

आणि त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नव्हतीच. भारती उधव्याची, डोंगराकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तलासरीच्या बाजारात जमुना सुकी मासळी विकायची, तिथे दोघांची ओळख झाली. दोन्ही घरांनी आधी नाकं मुरडली आणि शेवटी लग्न लावून दिलं. चैत्रात भारतीला पाचवा महिना असताना दोघं उधव्याहून मोटरसायकलने परतत होती. सासऱ्याकडची ताडी अंगात होती, उतार होता आणि मितेश रंगात आला होता. भारती मागून त्याचा शर्ट ओढत होती, हळू चालव म्हणत होती. तो हसला. पुढच्या वळणावर खडी पसरलेली होती. त्याला नुसतं खरचटलं. तिचं मूल गेलं. दवाखान्यातून ती चिखल्याला आलीच नाही, जव्हारला आपल्या मामाकडे गेली.

आता त्या मामाचा, लडक्याचा, फोन आला होता. रविवारी भारतीचा बाप बारक्या उधव्याहून येणार, चार वडीलधारे बसणार. मितेशला काही सांगायचं असेल तर त्याने दुपारच्या आत येऊन सगळ्यांसमोर सांगावं. नाही आला, तर भारती मोकळी.

कासा मागे पडलं आणि चढ सुरू झाला. दर्याकाठच्या माणसाला चढाची सवय कुठली! थोडं पेडल मारायचं, पुष्कळ ढकलायचं, असं करत तो वर सरकत राहिला. भात कापून झालं होतं, गवत पिवळं पडलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळ्यांसमोर काय बोलायचं, हे तो मनात जुळवत होता. चावी दर्यात टाकली हे सांगायचं, बोट सोडली हे सांगायचं, गावाचं हसू सोसलं हेही सांगायचं. एवढं ऐकून दगडालाही पाझर फुटेल असं त्याला वाटत होतं.

खिंडीत पोचला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. पलीकडे रस्ता लांबच लांब खाली उतरत गेला होता आणि त्यापुढे जव्हार, राजेरजवाड्यांच्या काळचं जुनं गाव. उशीर झालाच होता, पण एवढा उतार मारला की वेळ भरून निघणार होता. तो सायकलवर बसला आणि सुटला.

पहिल्या वळणावर त्याने चपलेने चाक दाबलं. सायकलने दादच दिली नाही. आणखी जोर लावला, तर तळवा तापला आणि रबराचा जळका वास नाकात शिरला. वारा कानात घुमत होता, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वळणातून निभावल्यावर गड्याला मजा वाटली. तो हसला. आपलंच हसू कानावर पडलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. पाठीमागे शर्ट ओढणारं आज कोणी नव्हतं. त्याने हँडल फिरवलं आणि कडेच्या गवतात स्वतःला झोकून दिलं.

कोपर सोलवटलं, चाक थोडं वाकलं. उशीर होतोय असा फोन करावा म्हटलं, तर रेंज नव्हती. खालपर्यंत बसून जाण्याचा मोह पुन्हा झाला. झाला नाही असं कशाला म्हणा? पण तो बसला नाही. अख्खा उतार सायकल मागे खेचत, पायी उतरला.

लडक्यामामाच्या अंगणात खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या, माणसं नव्हती. बारक्या वाट पाहून पाहून दुपारच्या एसटीने गेला होता. व्हायचं ते बोलणं झालं, आता काही उरलं नाही, असं मामाने सांगितलं आणि तो घरात गेला. ओटीवर भारती एकटी उभी होती. रस्ताभर जुळवलेलं सगळं मितेशने तिलाच सांगितलं. चावी, बोट, गावाचं हसू. तिने सगळं ऐकून घेतलं.

“उशीर का झाला?” तिने विचारलं.

“ब्रेक नव्हते. घाट चालत उतरलो.”

तिने त्याच्या कोपराकडे पाहिलं, मग चपलेकडे. तळव्याला जळून खोल खाच पडली होती.

“दर्याला काही दे, असं मी सांगितलं नव्हतं तुला,” ती म्हणाली. “हळू चालव म्हटलं होतं. तेवढंच.”

मितेशला तोंड वर करवेना. सगळ्या गावापुढे त्याने दर्याची माफी मागितली होती. तिची मागायची राहून गेली होती, हे त्याला आत्ता कळत होतं. त्याने ती मागितली, तीही धड शब्दांत नाही, रडतच. भारतीच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ती ओटीवरून खाली उतरली नाही. रडणं थांबल्यावर ती म्हणाली, “उद्या बोटीवर जा. माझ्या नावाने घरी बसू नको. मी येणार नाही.”

मग मात्र ती उतरली, आणि त्याच्याबरोबर बाजारातल्या सायकलवाल्याकडे गेली. चाक सरळ करून नव्या तारा, नवे ब्रेक बसेपर्यंत बाकावर बसून राहिली. काम झाल्यावर तिने स्वतः पुढचं चाक उचलून जोरात फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. तिने पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. मग हँडल त्याच्या हातात दिलं आणि ती मामाच्या घराकडे वळली.