आदल्या दुपारचा आवाज

त्याने बहिणीच्या तोंडासमोरचा माइक चार बोटं खाली ओढला आणि हातानेच खूण केली: बोल.

निवेदक म्हणून त्याला पंचवीस वर्षं झाली, म्हणून रेडिओ केंद्राने आज त्याच्या सकाळच्या गाण्यांच्या कार्यक्रमात धाकट्या बहिणीला पाहुणी बोलावलं होतं. आधी ती अवघडली होती; आता रंगात आली होती.

"घरी याला कोणी बोलू द्यायचं नाही," ती म्हणाली. "म्हणून दादाने अशी नोकरी शोधली, जिथे कोणाला मध्ये तोंडच घालता येत नाही."

काचेपलीकडे तंत्रज्ञ हसला. तोही हसला, ऐकणाऱ्यांना ऐकू जाईल इतपत.

"आणि आई? ती ऐकायची?"

"रोज. शेवटच्या सकाळीसुद्धा." तिचा आवाज खाली आला. "तिला धाप लागली होती. मी म्हटलं, दादाला फोन लावते. तर म्हणे, 'अगं, तो बोलतोय ना! त्याला कशाला मध्येच? संपू दे.' तेवढ्यात तू म्हणालास, सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. आई म्हणाली, 'बघ, आठला संपेलच. पन्नास मिनिटांचा तर प्रश्न.' तेवढी काही काढली नाहीत तिने."

त्याने तंत्रज्ञाला खूण केली. गाणं सुरू झालं, माइकवरचा लाल दिवा विझला. पडद्यावर आकडे उलटे धावू लागले: तीन मिनिटं बावन्न सेकंद.

ते वेळ सांगणारं वाक्य तो आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास बोलला होता. आठवड्यातले दोन कार्यक्रम आधीच रेकॉर्ड करून ठेवायची सवलत त्याने तेव्हा मागून घेतली होती. मधूनमधून वेळ सांगितली की कोणाला शंका येत नाही, ही युक्तीही त्याचीच. त्या सकाळी तो घरी झोपला होता. आईला बरं नव्हतं, म्हणून फोन उशाशी होता, आवाज पूर्ण वाढवलेला. आईचं घर गाडीने अकरा मिनिटांवर. बहिणीचा फोन आला तो आठच्या ठोक्याला. इतक्या नेमक्या वेळी का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आणि तो स्वतः आईकडे कुठून पोहोचला, हे तिने विचारलं नव्हतं.

"चार वर्षं विचारायचं राहिलंय," बहीण म्हणाली. "आईचं न ऐकता मी फोन केला असता, तर कार्यक्रम टाकून आला असतास?"

तो आकड्यांकडे बघत राहिला.

"चिमे, तो कार्यक्रम आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेला होता. मी घरी होतो."

तिला समजायला वेळ लागला. मग तिने त्याच्याकडे नाही, स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा बोटांवरून हळूच फिरला, नंबर लावावा तसा.

"घरी होतास," ती पुटपुटली. "म्हणजे मी केला असता, तर तू उचलला असतास."

"नाही," तो लगेच म्हणाला. "फोन बंद होता."

"बंद?"

"झोपताना बंद करायचो. आठला उठलो, तेव्हा चालू केला."

"आईची ती अवस्था असताना?"

"हो."

"आणि मी केला असता तरी..."

"लागलाच नसता."

तिचा अंगठा थांबला. आता ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्याने नजर वळवली नाही.

"धन्य आहे तुझी, दादा."

तिने हेडफोन काढले, पिशवी खांद्याला लावली आणि जड दार ढकलून बाहेर गेली. गाण्याचं दीड मिनिट बाकी होतं. ते संपत आलं तेव्हा काचेपलीकडून तंत्रज्ञाने रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवत भुवया उंचावल्या. त्याने मान हलवली, आणि बोलणं नको, पुढचं गाणं लाव, अशी खूण केली.