उन्हाचा वाटा

उद्या मला भिंतीवरून उतरवणार आहेत, म्हणून आजच बोलून घेतो. मी लंकाबाईंच्या घरचा वीजमीटर, पोटात गरगरणारी चकती असलेला, जुन्या पिढीतला. द्वारका चौकाजवळच्या या चार बिऱ्हाडांच्या इमारतीत तीस वर्षं जिन्याखाली टांगलेला आहे.

बाईंच्या यजमानांनी, सहादूंनी, मला बसवून घेतलं तेव्हा घरात दोन दिवे आणि एक पंखा होता. दर दसऱ्याला ते मला पुसून झेंडूचं फूल खोचायचे. ते गेले, तरी फूल चुकलं नाही. उन्हाळ्यात बाई गच्चीवर कुरडया वाळवून विकायच्या. ऊन फुकटचं, मला काही काम नसायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या सोमनाथने गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. गच्ची चौघांची, म्हणून सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. बाईंना वाटलं, वीज अख्ख्या इमारतीला मिळणार. त्यांनी पहिली सही केली, वर नारळही फोडला.

पण वीज मिळाली एकट्या सोमनाथच्या मीटरला. त्याचं बिल नावापुरतं उरलं. सोलरच्या पाट्यांनी गच्ची व्यापली, बाईंच्या कुरडया मात्र घरात, पंख्याखाली आल्या. पंखा दिवसभर फिरे, त्याच्यामागे मी. तरी कुरडयांना आंबूस वास लागला, गिऱ्हाईकं तुटू लागली. ज्या हातांनी मला फुलं वाहिली, त्यांनाच मी महाग पडत होतो. मला माझीच लाज वाटायची.

शेवटी बाई जिना चढून वर गेल्या. भांडल्या नाहीत.

"सोमनाथ, गच्चीवरचं ऊन चौघांचं व्हतं ना रे? मंग माझा वाटा कुठं हाय?"

सोमनाथ वरमला. खटपट करून त्याने वीज चारही घरांत वाटायची परवानगी आणली, कुरडयांपुरता कोपराही मोकळा केला. फक्त त्यासाठी चारही घरांचे मीटर एकदम नवे हवे होते. तिथे बाई अडून बसल्या. यजमानांनी बसवलेला मीटर काढू देणार नाही म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण बाकीच्या घरांचा वाटा आपल्यापायी अडलाय, हे त्यांना पाहवेना.

आज दुपारी त्या जिन्याखाली आल्या. दसरा नाही, तरी हातात झेंडूचं फूल होतं. पदराने माझी काच पुसली.

"लय पळालास माझ्यापायी. आता थांब."

नव्या मीटरा, या घरात जपून पळ, एवढंच माझं मागणं आहे.

बाईंनी आत जाऊन पंखा बंद केला. मी हळूहळू थांबलो.