थर्ड पार्टीवरची गाडी

मी एक गाडी बोलतेय, आणि घाबरत घाबरत बोलतेय. गाड्यांना भीती वाटत नाही असं माणसं समजतात. जिचा पुरता विमा उतरवलेला असतो तिला कदाचित वाटतही नसेल. माझा नव्हता.

जन्म डेट्रॉइटकडच्या एका कारखान्यातला. रंग बदामी, अंग लांबलचक, बॉनेट एवढं रुंद की त्यावर चार माणसांची पंगत बसावी. विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावातल्या अर्डिसबाईंनी मला विकत घेतलं आणि सीटवरचं प्लास्टिक शेवटपर्यंत काढलं नाही. रविवारी चर्च, गुरुवारी केस वळवायला, मंगळवारी मैत्रिणींकडे पत्ते कुटायला, एवढंच माझं जग. वाळकं पान आडवं गेलं तरी अर्डिसबाई करकचून ब्रेक दाबायच्या. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, तर या मागे वळून त्यांना हात करायच्या. त्यांना वाटायचं, ओळखीचं कोणीतरी आहे.

पुढे त्यांना दिसेनासं झालं. एक दिवस त्यांनी गॅरेज समजून मला शेजाऱ्याच्या फुलझाडांत उभं केलं. त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि मी त्यांच्या मुलाच्या, डेलच्या अंगणात.

डेल चीजच्या कारखान्यात कामाला होता. माणूस वाईट नव्हता. पण भेटवस्तूचा कागद न फाडता सोडवून, इस्त्री करून, पुढच्या वाढदिवसाला वापरणारा. त्याची बायको रॉनी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ती म्हणायची, "डेलनं लग्नात मला जपून उघडलं, परत वापरता यावं म्हणून."

त्यांची मुलगी ब्रिन सोळा वर्षांची झाली, तिला लायसन मिळालं, आणि तिथून माझ्या भीतीची सुरुवात झाली.

गावातला विमा एजंट गॉर्डी अंगणात आला आणि माझ्या बॉनेटवर कोपर टेकून उभा राहिला.

"डेल, लेका, बसून घे," तो म्हणाला. बसून घे म्हणणारा माणूस कधी चांगली बातमी देत नाही. "सोळा वर्षांचं पोर पॉलिसीत घालायचं म्हणजे हप्ता जवळजवळ दुप्पट."

"दुप्पट? अरे, ती गाडी चालवणार आहे, विमान नाही."

"आकडे मी नाही बनवत. पण वाटा आहेत. मार्क कसे आहेत तिचे?"

"बरे आहेत. बीजगणितात जरा लंगडते."

"ते सुधार. चांगल्या मार्कांना सूट आहे."

बीजगणिताचा आणि ब्रेकचा संबंध मला अजून कळलेला नाही. ज्याला समीकरणं सुटतात तो झाडावर कमी आपटतो, असं कंपनीचं म्हणणं असावं.

"आणि हे बघ," गॉर्डी म्हणाला, "तिला तुझ्या नव्या गाडीला हात लावू देऊ नकोस. ही म्हातारी दे. हिचं स्वतःचं नुकसान भरून मिळायचं कलम काढून टाक, नुसती थर्ड पार्टी ठेव. हिला काही झालं तरी तुझं काय जाणार आहे?"

असं म्हणून त्यानं मला थोपटलं. खाटीकही बोकडाच्या पाठीवरून असाच मायेनं हात फिरवत असेल.

म्हणजे मी कोणाला धडकले तर त्याचं सगळं भरून मिळणार. माझं दार चेपलं तर मात्र दाराच्या किमतीत दुसरी मी येते, म्हणून मला भंगारात. एवढ्या तेवढ्या पोचानं मरायचं अशी माझी अवस्था, आणि चालवणार कोण, तर जिला अजून उजवं-डावं सांगताना हाताकडे बघावं लागतं ती पोरगी.

शेवटची वाट गॉर्डीनं खिशातून काढली. काडेपेटीएवढी काळी डबी. ती स्टिअरिंगखाली माझ्या पोटात खोचायची. कोण किती जोरात ब्रेक दाबतं, किती वेगानं जातं, सगळं ती कंपनीला कळवणार. जोरात ब्रेक दाबला की 'टीं' करून वाजणार. हिवाळा लागेपर्यंत कमी वाजली तर घसघशीत सूट.

इतकी वर्षं माझ्या पोटात फक्त इंजिन होतं. आता चहाडखोरही आला.

ब्रिन सुरुवातीला झकास चालवायची, म्हणजे भीत भीत चालवायची. आजीचंच रक्त. खार दिसली की ब्रेक. टीं. कुत्रं भुंकलं की ब्रेक. टीं. संध्याकाळी डेल फोनवर डबीचे गुण बघायचा आणि अंगणातच तिला गाठायचा.

"आज तीनदा वाजली."

"बाबा, खार आडवी आली."

"खारीला हप्ता नसतो, ब्रिन. आपल्याला आहे."

"मग खारीलाच शिकव गाडी," रॉनी दारातून म्हणाली. "स्वस्त पडेल."

डेल ओरडायचा नाही, तेच वाईट होतं. तो नुसता सुस्कारा सोडायचा. आणि त्या पोरीला सुस्काऱ्याची इतकी धास्ती बसली की डबी वाजली की ती खांदे उचलून मान आत ओढून घ्यायची, कोणी मारायला हात उगारल्यासारखी.

मग ती शिकली. चालवायला नव्हे, न वाजवायला. सिग्नल पिवळा झाला तर थांबण्याऐवजी निघून जायला शिकली. थांबा असं लिहिलेल्या पाटीपुढून दबकत, न थांबता सरकायला शिकली. वळणावर ब्रेकवर पाय ठेवायची, तोही झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. डबी गप्प राहू लागली. गुण चढू लागले. डेलनं फ्रीजवर गुणांचा कागद लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागला.

"बघ, कशी चालवते! लोण्यातून सुरी."

मला मात्र कापरं भरत होतं. ब्रेक हा गाडीचा देव आहे. तो आठवड्यात एकदा तरी नीट पुजला गेला पाहिजे. माझ्या देवाकडे आता कोणी फिरकत नव्हतं. मी समोरच्या प्रत्येक ट्रककडे, प्रत्येक सायकलीकडे, प्रत्येक मुलाच्या चेंडूकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, दाब गं बाई, दाब. पण गाडीला हॉर्नखेरीज वाचा नाही, आणि तोही दुसऱ्याच्या हातात.

नोव्हेंबर आला. शुक्रवारी संध्याकाळी आख्खा गाव तळलेला मासा खायला तळ्याकाठच्या हॉटेलात जातो. ब्रिन तिथं टेबलं आवरायला जायची. त्या शुक्रवारी डेलही मासा खायला म्हणून शेजारी बसला. डबीची मुदत संपत आली होती आणि तो खुशीत होता.

"आठवडाभर अशीच राहा," तो म्हणाला. "एकदा ही डबी परत केली की मग काय दाबायचे ते ब्रेक दाब."

सूर्य मक्याच्या कापलेल्या शेतांमागे गेला होता. रस्त्यावर दंव गोठायला लागलं होतं. आम्ही टेकाडावर चढलो आणि पलीकडे उतरलो, तर समोर आमिश लोकांची काळी घोडागाडी. हे लोक मोटार चालवत नाहीत. त्यांचा घोडा दुडक्या चालीनं चालला होता. गाडीच्या उघड्या पाठीवर दोन पोरं पाय सोडून बसली होती, तोंड माझ्याकडे. धाकट्याच्या हातात सफरचंद होतं.

ब्रिनचा पाय ब्रेकवर आला. हलका. पांघरूण घालणारा.

"ब्रिन, ब्रेक," डेल म्हणाला.

पाय तसाच.

"ब्रिन! दाब! अगं जोरात दाब!"

"वाजेल ना, बाबा!"

हे शब्द मी जन्मात विसरणार नाही, आणि आता माझा जन्म फारसा उरलेलाही नाही. डेलनं आपल्या बाजूला दोन्ही पाय खालच्या पत्र्यावर आपटले. तिथं ब्रेक नव्हता. मला त्या पोरांचे चेहरे दिसत होते. थोरल्यानं धाकट्याला मिठी मारली होती. सफरचंद रस्त्यावर पडलं आणि माझ्या चाकाखाली गेलं. मग डेलनं हात घालून स्टिअरिंग ओढलं.

मी चरात गेले आणि तिथल्या सिमेंटच्या मोरीवर नाक फोडून घेतलं. सगळं शांत झाल्यावर माझ्या पोटातून आवाज आला. टीं.

घोडागाडीला ओरखडाही नव्हता. ब्रिनचा ओठ फुटला होता, डेलचं मनगट मोडलं होतं. घोडागाडी हाकणारा दाढीवाला एनोस खाली उतरून धावत आला. त्यानं दोघांना बाहेर काढलं, मग आपली पोरं चाचपली, मग पुन्हा येऊन ब्रिनच्या खांद्यावर घोंगडी टाकली.

"तुझं काही नुकसान झालं असेल तर सांग," डेल कण्हत म्हणाला. सवयीनं. "विमा आहे. तुझा कुठला?"

"आम्ही विमा काढत नाही. कोणाचं काही झालं तर सगळे मिळून भरतो."

"म्हणजे हप्ता नाही?" हात मोडलेला असतानाही डेलनं विचारलं.

"हप्ता नाही. पण ज्यानं ज्यानं भरलं त्याचा सल्ला जन्मभर ऐकावा लागतो."

"मग विमाच बरा," डेल म्हणाला, आणि एकदम तोंडावर चांगला हात घेऊन रडायला लागला. ब्रिन रडली नाही. ती त्या दोन पोरांकडे बघत उभी होती, आणि पोरं तिच्याकडे.

मला ओढून डेलच्या अंगणात, शेडमागे आणून टाकलं. गॉर्डी येऊन बघून गेला. त्यानं सांगितलं की कलम काढल्यामुळे माझे काही पैसे मिळणार नाहीत. पण डबीची सूट मात्र मंजूर झाली, कारण शेवटच्या सबंध महिन्यात ती एकदाच वाजली होती.

"वाचवलेस ना पैसे," रॉनी म्हणाली. "आता त्यावर बसवून पोरीला शाळेत पाठव."

डेलनं ब्रिनसाठी एक लहान निळी गाडी घेतली. पुरता विमा, डबी नाही. ब्रिननं तिला हात लावला नाही. ती शाळेत चालत जाऊ लागली, थंडीत, दोन्ही हात खिशात घालून. मागून गाडीचा आवाज आला की चरात उतरून उभी राहायची.

एक दुपार डेल तिला शेडमागे घेऊन आला. तिला माझ्या सीटवर बसवलं. स्वतः प्लास्टरचा हात सांभाळत शेजारी बसला.

"ही कुठं जाणार नाही," तो म्हणाला. "दाब ब्रेक."

तिनं दाबला. बाळावर पांघरूण.

"टीं," डेल तोंडानं म्हणाला.

तिचे खांदे वर गेले, मान आत.

"वाजली," डेल म्हणाला. "वाजू दे. पुन्हा दाब. टीं!"

"बाबा, नको."

"टीं! टीं! अगं, माझा आवाज ऐकू येतोय तोवर तू दाबलाच नाहीस. मला गप्प कर."

इंजिन मेलं की ब्रेक दगडासारखा होतो. तिनं दोन्ही पायांनी जोर लावला. डेल आणखी मोठ्यानं ओरडला. ती आणखी जोरानं. शेवटी ती किंचाळत दाबत होती आणि तो टीं टीं करून खोकत होता, आणि रॉनी शेडच्या कोपऱ्यावर येऊन दोघांना वेड लागलं का म्हणून बघत होती. कितीतरी दुपारी हे चाललं. माझ्या देवाची अशी पूजा आयुष्यात कधी झाली नव्हती, आणि झाली तेव्हा मी जागची हलतही नव्हते.

तुमच्या घरात गाडी शिकणारं पोर असेल तर पैसे जरूर वाचवा. हप्ता खरंच डोईजड असतो. पण ब्रेक दाबला म्हणून सुस्कारा सोडू नका, एवढं एका म्हाताऱ्या गाडीचं ऐका.

शनिवारी भंगारवाला आला. त्यानं माझी मागची चाकं उचलून ट्रकला टांगली, तोंड मागे. पैसे घ्यायला आणि सही करायला डेलला यार्डात जायचं होतं. हात प्लास्टरमध्ये, रॉनी दुसरी गाडी घेऊन बाजारात. त्यानं ब्रिनकडे पाहिलं, पण विचारलं नाही. मग किल्ली तिनंच उचलली.

अशी मी उलटी निघाले. निळी गाडी माझ्या मागून, म्हणजे माझ्या फुटक्या डोळ्यांसमोरून. काचेतून मला ब्रिनची पांढरी पडलेली बोटं दिसत होती. टेकाडाच्या अलीकडे रस्त्यात अचानक रानटर्की पक्ष्यांचा कळप आला आणि भंगारवाल्यानं जागच्या जागी ट्रक थांबवला.

निळी गाडी माझ्या अंगावर येऊ लागली. मला ना ब्रेक, ना चाकं, ना वाचा. मी डोळे मिटले असते, पण दिवे मिटता येत नाहीत.

टायर किंकाळले. निळ्या गाडीचं नाक रस्त्याला टेकेल इतकं खाली गेलं. डेल पुढे फेकला गेला आणि पट्ट्यानं त्याला मागे ओढलं. गाडी थांबली तेव्हा आमच्यामध्ये एक टर्की आरामात जाऊ शकली असती, आणि एक गेलीही.

ब्रिन धापा टाकत होती. खांदे खाली होते.

मग ट्रक हलला. तासाभरात माझा ताटाएवढा चपटा पत्रा व्हायचा आहे, आणि माझ्या अंगावर त्या पोरीनं नवा ओरखडाही येऊ दिला नाही. येते मी.